मूळव्याध : लपवू नये असे दुखणे

गेल्या पंधरवड्याच्या टपालात खेड तालुक्यातील निघोजे येथून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. घरी पंचाहत्तरी ओलांडलेले सासरे आहेत. पती चाकण औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात पाळीने कामाला जातात, मुले शाळेत, आणि दिवसभर सासऱ्यांच्या सोबतीला त्या एकट्याच. धुण्यात टाकलेल्या धोतरावर त्यांना दोनदा रक्ताचा डाग दिसला. सासरे हल्ली बसताना एका बाजूला कलतात आणि रात्रीची भाकरी नको म्हणतात. विचारावे तर "काही नाही" एवढेच उत्तर मिळते. पतींच्या कानावर घातले, तेव्हा ते म्हणाले, "मूळव्याध असेल, येताना मलम आणतो." भगिनींनी आम्हाला दोन प्रश्न विचारले आहेत : सुनेने सासऱ्यांना ही गोष्ट विचारावी कशी? आणि ही मूळव्याधच आहे, हे ओळखावे कसे?

या दोन प्रश्नांत या विषयाचे सारे मर्म आले आहे. मूळव्याध हा बहुधा जिवावर बेतणारा आजार नाही. मात्र तो लपवला जातो, त्याच्या नावाखाली दुसरे गंभीर आजार दडून राहतात, आणि लाजेपोटी माणूस डॉक्टरऐवजी भिंतीवरच्या जाहिरातीकडे वळतो. घरातील वृद्धांची काळजी घेणाऱ्यांनी भ्यायचे असेल, तर या तीन गोष्टींना भ्यावे.

मूळव्याध म्हणजे काय?

गुदद्वाराच्या आतल्या बाजूस रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ उशांसारख्या गाद्या असतात. त्या प्रत्येकाला जन्मतः असतात आणि त्यांचे कामही मोलाचे आहे : गुदद्वार नीट मिटणे, वायू आणि मल रोखून धरणे. कुंथण्याने, बद्धकोष्ठाने, शौचाला फार वेळ बसण्याने आणि वयानुसार आधाराचे तंतू सैल पडल्याने या गाद्या फुगतात व खाली सरकतात. यालाच आपण मूळव्याध म्हणतो, आणि खाली उतरलेल्या गाठीला मोड किंवा कोंब. ही व्याधी अतिशय जुनी आहे. सुश्रुतसंहितेत अर्शाची गणना आठ महागदांमध्ये, म्हणजे बऱ्या होण्यास कठीण अशा आठ मोठ्या व्याधींमध्ये केलेली आहे. आणि त्यावर औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. सौम्य उपायापासून शस्त्रापर्यंत पायरीपायरीने जाण्याचा हा विचार आजच्या शल्यचिकित्सेतही टिकून आहे.

मोड दोन प्रकारचे असतात. आतल्या मोडांच्या जागी वेदना जाणवणारे मज्जातंतू नसतात, त्यामुळे ते दुखत नाहीत; शौचानंतर लालभडक रक्त थेंबाथेंबाने पडते किंवा मलावर त्याची रेघ दिसते. आतल्या मोडांच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत मोड आतच राहतो. दुसरीत शौचाच्या वेळी बाहेर येऊन आपोआप आत जातो. तिसरीत बोटाने आत सारावा लागतो. आणि चौथीत तो बाहेरच राहतो. बाहेरचे मोड मात्र त्वचेखाली असतात, आणि तिथली त्वचा फार हळवी असते.

यावरून एक उपयोगी खूणगाठ बांधता येते : साधी आतली मूळव्याध रक्त पाडते, पण दुखत नाही. जेव्हा फार दुखते, तेव्हा वेगळे काहीतरी घडलेले असते. ते काय, हे पाहणे महत्त्वाचे आहे.

दुखते तेव्हा चार शक्यता

पहिली शक्यता बाहेरच्या मोडात रक्त गोठण्याची. एखाद्या दिवशी जोर करून शौच झाल्यावर किंवा जड वस्तू उचलल्यावर अचानक वाटाण्याएवढी किंवा द्राक्षाएवढी निळसर, घट्ट गाठ हाताला लागते. पहिले दोन-तीन दिवस वेदना तीव्र असतात, बसणे अशक्य होते. मग त्या ओसरू लागतात आणि आठ-दहा दिवसांत बहुतेकांना आराम पडतो. वेदना सुरू झाल्यापासून सुमारे ७२ तासांच्या आत शल्यचिकित्सक गाठले, तर जागा बधिर करून ती गाठ काढता येते व लगेच सुटका होते. त्यानंतर मात्र शेक, वेदनाशामक औषधे व मल मऊ राखणे हाच मार्ग बरा. म्हणूनच "चार दिवस वाट पाहू" हे येथे सोयीचे नाही. घरी गाठ फोडण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये.

दुसरी शक्यता गुदद्वाराच्या त्वचेला चीर पडण्याची. डॉक्टर तिला फिशर म्हणतात. आयुर्वेदात परिकर्तिका असे नाव आहे. शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखे वाटते आणि नंतर तास-दोन तास, कधी त्याहूनही अधिक वेळ आग होत राहते. रक्त थोडेसेच असते. "मूळव्याध दुखते" असे सांगणाऱ्या अनेकांचा आजार प्रत्यक्षात हाच असतो. दुखण्याच्या भीतीने माणूस शौच टाळतो, मल आणखी कडक होतो आणि चीर पुन्हा उकलते. रात्रीची भाकरी नाकारणाऱ्या वृद्धाच्या मनात पुष्कळदा हाच हिशेब असतो : खाल्ले नाही, तर जावे लागणार नाही.

तिसरी शक्यता बाहेर आलेला मोड आवळला जाण्याची. मोड आत जात नाही, सुजतो, काळानिळा पडतो, वेदना असह्य होतात. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

चौथी शक्यता गळवाची. ठणका लागतो, ताप येतो, गुदद्वाराच्या बाजूला गरम सूज दिसते. असे गळू शल्यचिकित्सकाने वेळेवर उघडून पू काढावाच लागतो. केवळ गोळ्यांनी ते निवत नाही. मधुमेही वृद्धात तर येथे एका रात्रीचाही उशीर महाग पडू शकतो. गळू फुटून किंवा निचरा होऊनही जागा पुन्हा पुन्हा वाहत राहिली, तर तिला भगंदर म्हणतात.

"मूळव्याधच असेल" असे घरी ठरवू नये

प्रस्तुत पत्रातील मुलाचे उत्तर चुकीच्या हेतूचे नाही. बहुतेक घरांत असेच म्हटले जाते. तथापि साठीनंतर प्रथमच रक्त दिसले असेल, तर ते मूळव्याधीचे आहे हे ठरवण्याचा अधिकार तपासणी करणाऱ्या डॉक्टरकडेच असावा. मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगातही सुरुवातीला असेच रक्त पडते. एकाच माणसाला मोड आणि कर्करोग दोन्ही असू शकतात. मोड दिसला म्हणून दुसरे काही नाही, असे होत नाही. हा कर्करोग लवकर सापडल्यास बरा होण्याची शक्यता चांगली असते, आणि मलमावर गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत.

पुढीलपैकी एकही गोष्ट आढळली, तर तपासणी लांबवू नये :

• रक्त मलावर नसून मलात मिसळलेले आहे, किंवा सोबत शेंब पडते.
• शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलली आहे. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब.
• पोट साफ झाल्यासारखेच वाटत नाही, पुन्हा पुन्हा जावेसे वाटते.
• वजन घटते आहे, भूक मंदावली आहे.
• चेहरा फिकट दिसतो, जिना चढताना धाप लागते.
• घरात आई, वडील किंवा भावंडांना आतड्याचा कर्करोग झालेला आहे.

डांबरासारखा काळा, चिकट व उग्र वासाचा मल हे पोटात किंवा लहान आतड्यात रक्तस्राव होत असल्याचे लक्षण असू शकते. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो आणि बीट खाल्ल्याने लालसर, म्हणून डॉक्टरांना काय खाल्ले व कोणत्या गोळ्या चालू आहेत हे आवर्जून सांगावे. रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, किंवा रक्त पडून चक्कर, घाम, अंग गार पडणे असे दिसले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तपासणीची भीती पुष्कळांना असते. प्रत्यक्षात डॉक्टर रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवतात, हातमोजा घालून एका बोटाने तपासतात आणि लहानशा नळीतून आत पाहतात. याला काही मिनिटे पुरतात. चीर पडलेली असेल आणि फार दुखत असेल, तर सुज्ञ डॉक्टर त्या दिवशी आतली तपासणी टाळून आधी वेदना कमी करतात. सोबत रक्तातील हिमोग्लोबिन पाहिले जाते आणि वयोमान व लक्षणांनुसार दुर्बिणीने मोठे आतडे तपासण्याचा सल्ला दिला जातो.

विचारावे कसे?

आता पत्रातील पहिल्या प्रश्नाकडे वळू. आपल्याकडे सासऱ्यांनी सुनेसमोर असे दुखणे काढणे संकोचाचे मानले जाते, आणि त्या संकोचाचा मान राखूनच वाट काढावी लागते. डागाचा उल्लेख चारचौघांत करू नये. शक्य तर मुलाने, नाहीतर जावयाने, भावाने किंवा पारावरच्या एखाद्या जुन्या सोबत्याने विषय काढावा. "तुम्हाला मूळव्याध झाली आहे का?" हा प्रश्न आरोपासारखा वाटतो. "आबा, सकाळी पोट साफ होताना त्रास होतो का? किती वेळ बसावे लागते?" असे विचारले, तर उत्तर सहज येते. पाळीमुळे मुलाची गाठ पडत नसेल, तर सुनेनेही याच शब्दांत विचारण्यास हरकत नाही. नंतर डॉक्टरांच्या खोलीत मात्र त्यांना एकट्याने बोलू द्यावे. सासूबाईंच्या बाबतीत संकोच निराळा असतो : पुरुष डॉक्टर नको, एवढ्यासाठी त्या वर्षानुवर्षे सोसतात. अशा वेळी स्त्री डॉक्टरांची वेळ घ्यावी, किंवा तपासणीच्या वेळी घरातील स्त्री अथवा परिचारिका सोबत राहील याची खात्री द्यावी.

जे विचारता येत नाही, ते पाहता येते. शौचालयात लागणारा वेळ वाढणे, बसताना कलणे, बसण्यासाठी उशी मागणे, जेवण कमी करणे, धोतर किंवा परकर स्वतःच धुण्याचा आग्रह धरणे, विनाकारण चिडचिड : या खुणा न बोलता बरेच सांगून जातात.

घरी करावयाचे उपचार

तपासणीत मूळव्याध किंवा चीर निश्चित झाली, की बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. मल मऊ ठेवणे हा उपचाराचा कणा आहे. बाकी सारे त्याच्या मदतीला.

कोमट पाण्याचा शेक : पसरट टबात कोमट पाणी घेऊन त्यात दहा ते पंधरा मिनिटे बसावे, दिवसातून दोन-तीन वेळा आणि विशेषतः शौचानंतर. आवळलेले स्नायू सैल होतात आणि ठणका कमी होतो. पाण्यात जंतुनाशके ओतू नयेत. त्याने त्वचा अधिक चुरचुरते. मधुमेहामुळे ज्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांच्यासाठी पाणी काळजी घेणाऱ्याने आपल्या कोपराने तपासून द्यावे, नाहीतर न कळत भाजते. जमिनीवरच्या टबातून उठताना वृद्धांचा तोल जातो. कमोडच्या भांड्यावर बसणारा टब औषधाच्या दुकानात मिळतो, तो बरा. उठताना हात द्यावा, कारण कोमट पाण्याने रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते.

मलम : बधिर करणाऱ्या मलमाने तात्पुरता आराम पडतो. स्टेरॉइड असलेले मलम आठवड्याहून अधिक काळ लावू नये. त्वचा पातळ होते. चिरेसाठी स्नायू सैल करणारी वेगळी मलमे डॉक्टर लिहून देतात. त्यांपैकी काहींनी डोके दुखते व रक्तदाब उतरतो, म्हणून शेजाऱ्याचे मलम मागून लावू नये.

इसबगोल : एक ते दोन चमचे भुसा पेलाभर पाण्यातून घ्यावा आणि वर आणखी पाणी प्यावे. पाणी कमी पडले, तर तोच भुसा आत घट्ट बसून त्रास वाढवतो. ज्यांना गिळताना ठसका लागतो, जे अंथरुणाला खिळले आहेत किंवा ज्यांच्या गुदाशयात मल अडकला आहे, त्यांना इसबगोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. मल मऊ करणारी पातळ औषधे वृद्धांना पुष्कळदा अधिक सोयीची पडतात. ती डॉक्टर सुचवतील. एरंडेल किंवा सोनामुखीचे जालीम रेच वारंवार घेण्याची सवय मात्र लावून घेऊ नये.

गोळ्यांच्या डब्यातील कारणे

वृद्धांच्या बद्धकोष्ठाचे कारण अनेकदा ताटात नसते, गोळ्यांच्या डब्यात असते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या, काही आम्लनाशके, ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, लघवीचा वेग रोखणारी काही औषधे, मानसिक आजारांवरील काही गोळ्या यांनी मल कडक होतो. यातून एक दुष्टचक्रही सुरू होते : थोडे थोडे रक्त जाऊन अशक्तपणा येतो, अशक्तपणासाठी लोहाची गोळी, गोळीने बद्धकोष्ठ आणि बद्धकोष्ठाने पुन्हा रक्त. म्हणून डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांचा सारा डबाच सोबत न्यावा.

हृदयविकार किंवा अर्धांगवायूनंतर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील, तर मूळव्याधीचे रक्त अधिक पडते. ते पाहून घाबरून त्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. त्यातून हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात ओढवू शकतो. निर्णय ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांनीच घ्यावा.

पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने लघवीला जोर करावा लागतो, आणि तोच जोर मोडांवरही पडतो. रात्री उठावे लागू नये म्हणून असे गृहस्थ संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. त्यांनी दिवसाचे पाणी सकाळ ते दुपार या वेळात भरून काढावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून दिले आहे, त्यांनी ते माप मोडू नये.

ताटातला चोथा

रोज २५ ते ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ, ज्याला आपण चोथा म्हणतो, पोटात जावेत असा सर्वसाधारण सल्ला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार ज्वारी, बाजरी आणि कोंड्यासह गव्हाचे पीठ यांच्या १०० ग्रॅममध्ये १० ते ११ ग्रॅमच्या आसपास चोथा असतो. पांढरा तांदूळ आणि मैदा यांत ३ ग्रॅमच्याही आत. म्हणजे शंभर ग्रॅम पिठाच्या भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, एक पेरू आणि दोन्ही वेळा भाजी एवढ्यात दिवसाची गरज जवळपास भागते. निघोजे, कुरुळी, चिंबळी, मोई या पट्ट्यात आज गावकऱ्यांच्या घरांशेजारी भाड्याच्या खोल्यांतून मराठवाडा-विदर्भातून मुलांकडे राहायला आलेले कितीतरी आईवडील आहेत. गावाकडे भाकरी आणि पालेभाजी ठरलेली. येथे सकाळी चहासोबत खारी-टोस्ट आणि पाळीच्या घाईत शिजवलेला भात. शिवाय शेताची वाट सुटल्याने चालणेही बंद. मूळव्याध वाढण्यास एवढे पुरते.

दात नसलेल्यांना भाकरी नको वाटते. ती आमटीत किंवा ताकात कुस्करून द्यावी, उसळ मऊ शिजवावी, फळ किसून किंवा शिजवून द्यावे. चोथा एकदम वाढवला, तर पोट फुगते. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा. सुरणाला संस्कृतात अर्शोघ्न असे नावच आहे. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवलेले सुरण खाण्यास हरकत नाही, मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आधी विचारावे. तिखटाने मोड होत नाहीत. पण झालेले मोड व चीर त्याने चुरचुरतात, म्हणून दुखणे असेपर्यंत ठेचा बाजूला ठेवावा.

आळंदी आणि देहू या पट्ट्याच्या शेजारी. घरोघरी एकादशी पाळली जाते, आणि उपवासाचा अर्थ साबुदाणा, बटाटा व शेंगदाण्याचा कूट असा झाला आहे. साबुदाण्यात चोथा जवळपास नाहीच. दुसऱ्या दिवशीच्या कुंथण्याचे मूळ पुष्कळदा या खिचडीत असते. उपवास मोडण्याचे कारण नाही. राजगिरा, उकडलेले रताळे, केळी, पपई, ताक आणि भरपूर पाणी यांनीही एकादशी घडते. वारीला निघणाऱ्या ज्येष्ठांनीही वाटेत शौचाची गैरसोय होईल म्हणून पाणी तोडू नये.

शौचाची रीत

वेग आला की उठावे, तो दाबू नये. सकाळच्या चहा-न्याहारीनंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते. ती वेळ वृद्धांसाठी राखून ठेवावी. पाळीला आणि शाळेला निघणाऱ्यांच्या घाईत आजोबांनी "माझे नंतर बघू" म्हणून वेग मारणे, हे एकाच शौचालयाच्या घरातील नित्याचे दृश्य आहे. ते घरच्यांनी बदलावे. पाच-सात मिनिटांहून अधिक बसू नये, आणि मोबाईल किंवा वर्तमानपत्र आत नेऊ नये. गुडघ्यांमुळे कमोड वापरणाऱ्यांनी पायांखाली वीतभर उंचीचे, न घसरणारे स्टूल घेतले, तर उकिडवे बसल्याचा लाभ मिळतो व कमी कुंथावे लागते. मात्र उठण्याआधी ते बाजूला सारावे, आणि भिंतीला आधाराची दांडी बसवून घ्यावी. शौचानंतर साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावे, घासू नये.

अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनेक दिवस शौच नाही आणि मग पातळ मल सतत पाझरतो, असे दिसले, तर ते जुलाब नसतात. कडक मलाचा गोळा आत अडकून त्याच्या कडेने पाणी वाहत असते. येथे जुलाब थांबवणारी गोळी दिल्यास संकट वाढते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर शौचाच्या दिवसांची खूण केली, तर हा घोळ टळतो.

शस्त्रक्रिया, आणि जाहिराती

घरच्या उपायांनी रक्त थांबत नसेल, तर पहिल्या तीन पायऱ्यांच्या मोडांवर रबराचे लहान कडे चढवतात. १९६३ साली अमेरिकेतील डॉ. बॅरन यांनी ही पद्धत सुटसुटीत केली. मोडाचा रक्तपुरवठा तुटून तो काही दिवसांत गळून पडतो. त्यासाठी भूल लागत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर नंतर रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने हे आधी सांगावे. मोडात औषध टोचण्याची रीतही आहे. मोठ्या, बाहेर राहणाऱ्या मोडांसाठी ते कापून काढण्याची शस्त्रक्रिया करतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ साली मांडलेली पद्धत आजही प्रचलित आहे. पहिले दोन आठवडे ती दुखते, पण मोड परतण्याचे प्रमाण तिच्यात कमी असते. स्टेपलर व लेझरच्या पद्धतींत वेदना कमी असतात. तरी त्या प्रत्येकाला लागू पडतातच असे नाही.

महामार्गालगतच्या भिंतींवर "एका दिवसात, विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज" असे फलक दिसतात. अशा ठिकाणी नोंदणी नसलेल्या व्यक्तीने जहाल द्रव टोचल्यास किंवा अज्ञात क्षार लावल्यास गुदद्वार आक्रसते, जखम सडते, कधी मलावरचा ताबाच जातो. वृद्धाच्या उरलेल्या आयुष्याची प्रतिष्ठा त्यात हरवते. बोटातल्या अंगठीने मोड जात नाहीत. मध्ये वेळ मात्र जातो. आयुर्वेदीय क्षारकर्म करून घ्यायचे असेल, तर ते शल्यतंत्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या, नोंदणीकृत वैद्यांकडेच करावे. आधी रक्ताचे कारण निश्चित झालेले असावे, हा नियम तेथेही लागू आहे.

निघोजे परिसरातील वाचकांना जवळचा पहिला आधार म्हणजे चाकणचे ग्रामीण रुग्णालय. पुढील तपासण्यांसाठी पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि पुण्याचे ससून सर्वोपचार रुग्णालय आहे. चाकण चौकातील वाहतुकीची कोंडी सर्वांच्या परिचयाची आहे. म्हणून वृद्धाला घेऊन जाताना सकाळी लवकर निघावे, बसायला मऊ उशी आणि पिण्याचे पाणी सोबत ठेवावे, आणि दुखणे रात्री टोकाला जाईपर्यंत थांबू नये.

भगिनींनी या आठवड्यात एवढे करावे : पतींच्या सुट्टीच्या दिवसाची तपासणी ठरवून टाकावी. तोपर्यंत रक्त कधी, किती व कशा रंगाचे दिसले याची कागदावर नोंद ठेवावी, गोळ्यांचा डबा पिशवीत भरून ठेवावा, आणि रात्रीची भाकरी ताकात कुस्करून सासऱ्यांपुढे ठेवावी. मलम आणले असेल तर लावावे, पण त्याने डाग दिसेनासा झाला तरी तपासणीचा दिवस रद्द करू नये. आणि त्याआधी वेदना वाढल्या, ताप आला किंवा रक्त जास्त पडले, तर सुट्टीची वाट न पाहता त्याच वेळी निघावे.